गाडीत सामान भरताना: डिकी, सीट आणि पट्टे

नमस्कार मंडळी,

सीट कव्हर, मॅटिंग किंवा कॅरिअरच्या कामाला गाडी आमच्याकडे येते तेव्हा डिकी उघडावीच लागते. आत जॅकशेजारी सुटा पडलेला पाना असतो, अर्धी भरलेली पाण्याची बाटली असते, कधी बाजारातून घेतलेला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, तसाच असतो. हे बांधून ठेवा म्हटलं की उत्तर येतं, "दादा, एवढ्यानं काय हुतंय?" काय होतं आणि ते कसं टाळायचं, हे सांगायला हे पत्रक काढलं आहे.

ताशी ५० किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. त्या वेगात गाडी समोरच्या ट्रकवर आदळली आणि बॉनेट चेपत अर्ध्या मीटरात थांबली, तर आतली वस्तू थांबवायला तिच्या वजनाच्या साधारण २० पट जोर लागतो. एक लिटरची भरलेली बाटली २० किलोच्या जोरानं येते, दहा किलोचा गुळाचा रवा २०० किलोच्या. पुणे-बंगळूर महामार्गावर वेग दुप्पट झाला की आदळण्यातली ऊर्जा चौपट होते.

हा हिशोब सामान सीटला घट्ट टेकलेलं असेल तेव्हाचा. मध्ये वीतभर जागा मोकळी असेल तर चित्र आणखी बिघडतं. गाडी थांबायला लागलेली असते, सामान मात्र पहिल्याच वेगानं पुढे येत असतं. मग ते सीटवर आपटतं आणि चार-पाच सेंटिमीटरात थांबतं. जोर कित्येक पटींनी वाढतो. म्हणून डिकी भरताना आम्ही पहिल्यांदा वजन विचारत नाही, मोकळी जागा कुठे राहिली ते बघतो.

जड वस्तू: खाली आणि सीटला टेकून

विहिरीवरची मोटार रिवाइंडिंगला कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणायची, लक्ष्मीपुरीतून महिन्याचं धान्य भरायचं, आजऱ्याहून घनसाळ तांदळाची पोती आणायची, ही कामं आपल्याकडे घरच्या गाडीतूनच होतात. सगळ्यात जड वस्तू डिकीच्या तळाला, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून ठेवा. दाराजवळ ठेवली की गाडीचं मागचं टोक दबतं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

सबमर्सिबल मोटारीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. ती लांबट असल्यामुळे बरेचजण गाडीच्या लांबीत उभी सरकवतात, कारण आत घालायला तसं सोपं जातं. पण मग तिचं टोक थेट मागे बसलेल्याच्या पाठीकडे रोखलेलं असतं आणि सगळा जोर सीटच्या तेवढ्याच भागावर येतो. ती आडवी ठेवा, सीटच्या पूर्ण रुंदीला लागून. खाली रबरी मॅट टाका, कारण डिकीतल्या गुळगुळीत कार्पेटवर लोखंड सहज घसरतं. मागच्या बाजूनं भरलेली पोती किंवा जुना टायर लावून जागा भरून काढा. मग दोन पट्टे एकमेकांवरून फुलीसारखे घेऊन डिकीच्या तळातल्या लोखंडी हुकांना ओढा. बाजूला प्लॅस्टिकचे हूक असतात, ते बाजाराची पिशवी अडकवण्यापुरते आहेत. चाइल्ड सीटसाठी दिलेल्या कड्यांनाही सामान बांधू नका.

सीटची पाठ लॉक झाली आहे का, हे हातानं ओढून पाहा. दुमडणाऱ्या सीटचं लॉक अर्धवट बसलेलं आम्हाला वरचेवर आढळतं, आणि मग मागच्या सगळ्या वजनाला अडवणारं काहीच उरत नाही. मागे कोणी बसलं नसेल तरी सीट बेल्ट लावून ठेवा, पाठीला आधार मिळतो. सीटच्या पाठीपेक्षा उंच थर लावायचाच असेल तर मध्ये जाळीचं पार्टिशन हवं.

बऱ्याच लहान गाड्यांच्या डिकीत बांधायला हूकच नसतात. अशा वेळी लहान पण जड वस्तू पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवा. तिथे पुढे सरकायला वाव नसतो. मात्र ड्रायव्हरच्या बाजूला कधीच नको. सुटी बाटली किंवा नारळ सीटखालून घरंगळत ब्रेकच्या पेडलमागे अडकला तर पेडल खाली जात नाही.

पट्टा कोणता घ्यावा

हुकांची इलॅस्टिक दोरी स्वस्त असते, आम्हीही विकतो, पण ती गाद्या-चादरींसाठी. वजनाखाली ती ताणते आणि सामान हलतं. हूक निसटला तर डोळ्याला इजा होते. जड मालाला पॉलिस्टरचा रॅचेट पट्टा, म्हणजे खटक्यानं ओढून घट्ट करायचा पट्टा घ्या. त्यावर किती भाराचा आहे ते छापलेलं लेबल असतं. लेबल नसलेला पट्टा आमच्याकडून घेऊ नका, दुसरीकडूनही घेऊ नका. पट्ट्याला गाठ मारली की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. पत्र्याच्या धारेवरून पट्टा जात असेल तर मध्ये जाड कापड द्या, आणि कड उसवली असेल तर पट्टा टाकून द्या.

गणपती, नारळ आणि गुढीचा कळक

कुंभार गल्लीतून मूर्ती आणताना पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसायची पद्धत आहे. कृपया असं करू नका. समोरच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग असते, ती पापणी लवायच्या आत उघडते आणि मूर्ती छातीवर आदळते. मूर्ती पायाशी ठेवायला मन घेत नाही, हे आम्हीही समजतो. डिकी आधी स्वच्छ पुसून घ्या, कोरं कापड अंथरा, पाटाखाली रबरी मॅट घाला आणि मूर्तीची पाठ सीटकडे करून चारही बाजूंनी उशा घट्ट लावा. पाट हलता कामा नये.

जोतिबाहून किंवा नरसोबाच्या वाडीहून येताना प्रसादाचा नारळ डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेजवळच्या ट्रेवर ठेवला जातो. एक जागा एअरबॅगच्या तोंडावर, दुसरी सगळ्यांच्या डोक्यामागे. तो पिशवीत घालून खाली ठेवा, किंवा ग्लोव्ह बॉक्स बंद करून त्यात.

पाडव्याच्या गुढीचा कळक, म्हणजे बांबू, खिडकीबाहेर काढून आणू नका. मालाचा भाग परवानगीपलीकडे गाडीबाहेर काढण्याला मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आहे, आणि बाजूनं जाणाऱ्या दुचाकीवाल्याचा धोका त्याहून मोठा. डिकी अर्धी उघडी ठेवून जाणंही बरोबर नाही, धुराड्याचा विषारी धूर आत ओढला जातो. कळक विकणाऱ्याकडूनच मापात कापून घ्या, नाहीतर टेम्पो करा.

घरच्या गाडीत नकोच

भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास असतो आणि गळती झाली तर हवेपेक्षा जड असलेला गॅस गाडीच्या तळाशी साचून राहतो. तो घरपोच येऊ द्या. कॅनमधलं पेट्रोल आणि फवारणीची औषधंही नकोत. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या पुढे असते आणि आत ॲसिड असतं. दुकानदाराला घरी पोचवायला सांगा. आणायचीच असेल तर उभी, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, टर्मिनल झाकून आणि दोन्ही बाजूंनी बांधून.

छतावरच्या कॅरिअरबद्दल इतकंच: वजनाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं. वर हलकं आणि पसरट सामान ठेवा. टायरमध्ये हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो.

कोकणात उतरताना

आंबा घाट असो किंवा गगनबावड्याहून करूळ, उतारावर वळणं घेताना सामान पुढे आणि बाहेरच्या बाजूला ओढलं जातं. निघाल्यावर थोड्या अंतरानंतर पोती दबून बसतात आणि पट्टा सैल पडतो. घाट सुरू होण्याआधी मलकापुरात किंवा गगनबावड्यात चहाला थांबता तेव्हा डिकी उघडून पट्टे पुन्हा ओढा. चढावर थांबला असाल तर दार हळू उघडा, सामान दाराला रेलून आलेलं असतं.

पट्टा आमच्याकडून घेतला नसला तरी गाडी सामानासकट घेऊन या. बांधायचे हूक कुठे आहेत आणि पट्टा कसा ओढायचा ते दाखवू, त्याचे पैसे घेत नाही.