खाजगी वैमानिक : प्रवाशांकडून मोबदला

खाजगी वैमानिकाचा परवाना (पीपीएल) असलेल्या व्यक्तीला प्रवाशांकडून पैसे किंवा अन्य लाभ घेता येतो का, आणि येत असल्यास कोणत्या खर्चापोटी व किती, हे ठरविणारे नियम. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पहिल्या परिशिष्टानुसार असा परवानाधारक मोबदला न घेता, उत्पन्नासाठी नसलेल्या उड्डाणांतच विमान चालवू शकतो. हा परवाना किमान ४० तासांच्या उड्डाणानुभवावर मिळतो, तर व्यावसायिक परवान्यास साधारणपणे २०० तास लागतात.

निर्बंधाचे मूळ कोठे शोधावे, याबाबत दोन मते संभवतात. एक मत ते इंग्लिश सामान्य कायद्यातील सार्वजनिक वाहकाच्या कल्पनेत पाहते. भाडे देईल त्या कोणालाही नेण्याची तयारी जाहीर करणाऱ्या गाडीवानावर वा नावाड्यावर तो कायदा जादा जबाबदारी टाकीत असे. दुसरे मत हवाई वाहतुकीविषयीच्या १९१९ च्या पॅरिस कराराकडे बोट दाखविते, कारण त्यात खाजगी वैमानिक आणि सार्वजनिक वाहतुकीचे वैमानिक यांची प्रमाणपत्रे वेगळी धरली होती. परवान्यांची विभागणी बहुधा पॅरिस करारापासूनची असावी. पण मोबदल्याचा अर्थ लावण्याची अमेरिकी पद्धत पहिल्या मतालाच अधिक जुळते. तेथील फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या १९८६ च्या मार्गदर्शक पत्रकात सार्वजनिक वाहकाच्या चार खुणा दिल्या आहेत : नेण्याची तयारी लोकांपुढे मांडणे, माणसे किंवा माल नेणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे आणि त्याबद्दल मोबदला घेणे.

अमेरिकी नियमावलीच्या कलम ६१.११३ मध्ये सर्वसाधारण मनाईला काही अपवाद आहेत. त्यांतील सर्वांत वादग्रस्त अपवाद खर्चविभागणीचा. इंधन, तेल, विमानतळावरील खर्च आणि विमानाचे भाडे एवढेच खर्च वाटून घेता येतात. विमा, देखभाल किंवा हँगरचे (विमान ठेवण्याच्या जागेचे) भाडे त्यांत धरता येत नाही. वैमानिकाने स्वतःच्या वाट्यापेक्षा कमी देता कामा नये. समजा, वैमानिकासह चौघांच्या उड्डाणाचा असा खर्च ४०० डॉलर आला, तर वैमानिकाने निदान १०० डॉलर भरलेच पाहिजेत. शिवाय वैमानिक आणि प्रवासी यांचा जाण्याचा हेतू समान असावा लागतो. मित्राला केवळ पोचवून रिकामे परत येणे यात बसत नाही. मोबदल्याचा अर्थही फार व्यापक लावला जातो : वैमानिकाला फुकट मिळालेले उड्डाणाचे तास, एवढेच नव्हे तर पुढे काम मिळावे म्हणून जोडलेली सद्भावनादेखील मोबदला ठरू शकते. ही व्याख्या पहिल्यांदा जाचक वाटते. पण वैमानिकी हे पेशाचे ध्येय असलेल्या तरुणाला अनुभवाचे तास खरोखरच पैशाइतके मोलाचे असतात, हे लक्षात घेता ती योग्यच म्हणावी लागेल.

धर्मादाय कार्यक्रमांतील उड्डाणांसाठी वेगळी सवलत आहे. तीत खाजगी वैमानिकाला किमान ५०० तासांचा अनुभव लागतो.

इंटरनेटमुळे जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. फ्लायटनाऊ या अमेरिकी संकेतस्थळावर वैमानिक आपले नियोजित उड्डाण जाहीर करीत आणि सदस्य खर्चात वाटा देऊन त्यात सामील होत. विमानतळावरच्या सूचनाफलकाचेच हे नवे रूप आहे, असा संस्थेचा दावा होता. अमेरिकी प्राधिकरणाने २०१४ मध्ये अशी जाहिरात म्हणजे लोकांपुढे सेवा मांडणे होय, असा अर्थ लावला. वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने १८ डिसेंबर २०१५ रोजी तो उचलून धरला, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. फलकापुढे मोजके ओळखीचे लोक उभे असतात, संकेतस्थळापुढे अनोळखी जनता. न्यायालयाची भूमिका या फरकामुळे अधिक सयुक्तिक वाटते.

युरोपीय संघाने उलट वाट धरली. २०१२ च्या ९६५ क्रमांकाच्या विनियमात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने सहा व्यक्तींपर्यंत थेट खर्च वाटून घेण्यास मुभा मिळाली. या व्यक्तींत वैमानिकही मोजला जातो व त्यालाही वाटा उचलावा लागतो. नफा मात्र कोणी मिळवायचा नाही. विंगलीसारखी संकेतस्थळे या मुभेवरच उभी आहेत.

खर्चविभागणी आणि छुपी भाडेवाहतूक यांतील सीमा ओलांडली की काय होते, हे २१ जानेवारी २०१९ च्या अपघाताने दाखविले. फुटबॉलपटू एमिलियानो साला यांना फ्रान्समधील नांतहून वेल्समधील कार्डिफला नेणारे एक इंजिनाचे पायपर मालिबू इंग्लिश खाडीत कोसळले. वैमानिकाकडे खाजगी परवानाच होता. ब्रिटिश अपघात अन्वेषण शाखेच्या अहवालानुसार हाताने विमान चालवताना त्यावरील ताबा सुटला आणि त्यामागे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधाही असावी. उड्डाणासाठी आवश्यक व्यावसायिक परवानगीही नव्हती. उड्डाणाच्या आयोजकाला नोव्हेंबर २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. अशा वाहतुकीत प्रवाशाला बहुधा आपण काय पत्करले आहे, याची कल्पनाच नसते, ही यातील सर्वांत गंभीर बाब होय.

व्यावसायिक परवाना (सीपीएल) मिळाला की कोणालाही भाड्याने नेता येते, हा समजही चुकीचा आहे. तो परवाना वैमानिकाला वेतन घेण्याचा अधिकार देतो. जनतेला वाहतूकसेवा विकण्यासाठी विमानसेवा चालविणाऱ्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते.

भारतात १९३७ च्या विमान नियमांनी सार्वजनिक वाहतुकीची व्याख्या करताना ‘कोणत्याही स्वरूपाचा मोबदला’ घेऊन केलेली माणसांची वा वस्तूंची सर्व वाहतूक तीत धरली. या नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीत खाजगी परवान्याचे अधिकारही मोबदल्याविना उड्डाणापुरतेच ठेवले. भाड्याच्या चार्टर उड्डाणांना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून अनियमित (ठरीव वेळापत्रकाविना चालणाऱ्या) वाहतूकसेवेची परवानगी घ्यावी लागते.