गार्डन ईल

उष्ण कटिबंधातील समुद्राच्या तळाशी, वाळूत उभे बीळ करून राहणारा सापासारख्या अंगाचा मासा. काँग्रिडी कुलातील हेटेरोकाँग्रिनी उपकुलात त्याच्या तिसाहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी ठिपक्यांचा गार्डन ईल (हेटेरोकाँगर हासी) सर्वांत परिचित. या जातीचे वर्णन 1959 मध्ये प्रसिद्ध झाले आणि तिला ऑस्ट्रियन पाणबुडे हान्स हास यांचे नाव देण्यात आले.

तांबडा समुद्र आणि पूर्व आफ्रिकेपासून मालदीवमार्गे पॅसिफिकमधील बेटांपर्यंत ही जात आढळते. प्रवाळांलगतचा वाळूचा उतार, संथ पण अखंड वाहणारे पाणी आणि साधारण 7 ते 45 मीटर खोली तिला मानवते. खाण्याचा मासा म्हणून तिला बाजार नाही. मालवण-रत्नागिरीकडून घाट चढून कोल्हापुरात येणाऱ्या पाट्यांत ती शोधून सापडायची नाही.

पूर्ण वाढलेल्या माशाची लांबी सुमारे 40 सेंटिमीटर असते, जाडी मात्र पेन्सिलीहून थोडीच जास्त. फिकट अंगावर बारीक काळे ठिपके आणि तीन ठळक मोठे डाग असतात. बीळ खोदायचे ते शेपटीने. शेपटीचे टोक कडक असते. ते वाळूत खुपसून अंग वळवत मासा मागे मागे आत शिरतो. सुकी वाळू ढासळते तशी ओली वाळूही ढासळायचीच, पण शेपटीकडच्या त्वचेतून पाझरणारा चिकट स्राव भिंतीचे कण घट्ट धरून ठेवतो. गवंड्याविना झालेला हा गिलावा या माशाच्या साऱ्या जीवनाचा आधार आहे.

एका वसाहतीत शेकडो, कधी हजारो ईल असतात. सगळे प्रवाहाकडे तोंड करून अर्धे-अधिक अंग बाहेर काढतात आणि वाहत येणारे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) एकेक टिपतात. अन्नामागे धावायचे नाही, ते येण्याची वाट पाहायची. प्रवाह वाढला की ते अंगाला बाक देतात आणि बिळात खाली सरकतात. डोळे मोठे, नजर तीक्ष्ण. पाणबुड्याची चाहूल लागताच अख्खी वसाहत वाळूत गडप होते. टोकियोच्या सुमिदा मत्स्यालयात 2020 च्या टाळेबंदीत माणसांची सवय मोडली आणि तिथले ईल कर्मचाऱ्यांनाही बुजू लागले. तेव्हा लोकांनी व्हिडिओ कॉल करून या ईलना चेहरा दाखवावा, असे आवाहन करण्यात आले होते.

वीणीसाठीही बीळ सुटत नाही. नर-मादी बिळे जवळ आणतात आणि बाहेरच्या अंगाने एकमेकांना वेढे घालतात. अंडी प्रवाहात सोडली जातात. त्यांतून निघणारी अळी चपटी, पानाच्या आकाराची आणि पारदर्शक असते. बराच काळ खुल्या समुद्रात वाहत राहून मग ती रूप पालटते व तळाशी उतरते.

ही पानासारखी अळी खऱ्या ईलची मोठी खूण आहे. पंचगंगेत मिळणारी वाम (मॅस्टासेम्बेलस आर्मेटस) दिसायला ईलसारखीच. तीही तळाशी दडून बसते. पण तिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते, ती गोड्या पाण्यातच वाढते आणि तिला अशी अळी-अवस्था नसते. तिचा गणच वेगळा. गोड्या पाण्यातला अहीर (अँग्विला बेंगालेन्सिस) मात्र गार्डन ईलच्याच गणातला. तो नदीत वाढतो, पण अंडी घालायला त्याला समुद्र गाठावा लागतो, आणि नदीवरचे प्रत्येक मोठे धरण त्या वाटेत आडवे येते.