अल्कलाइन की रिचार्जेबल : दीड व्होल्टचा घोळ

"माझा कॅमेरा बॅटरी खातो" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, पेन्सिल सेल कुठले घातलेस? "महागातले अल्कलाइन!" मग रिचार्जेबल का नाही? "त्यावर १.२ व्होल्टच लिहिलंय. हे दीडचे आहेत ना!"

हा दीडचा आकडा सेल निवांत पडलेला असतानाचा असतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

नव्याकोऱ्या अल्कलाइनचा आतला रोध, म्हणजे करंटला सेलाच्या आतच होणारा अडथळा, साधारण ०.१५ ते ०.३ ओहम. भिंतीवरचं घड्याळ इतका थोडा करंट घेतं, की त्याला या रोधाचा पत्ताही लागत नाही. कॅमेऱ्याचं तसं नाही. लेन्स बाहेर सरकते, फ्लॅश चार्ज होताना बारीक शीळ ऐकू येते, तेव्हा सेलातून एखाद-दीड अँपिअर ओढला जातो. दीड अँपिअर गुणिले ०.२ ओहम म्हणजे ०.३ व्होल्ट आतल्या आतच गायब. उरले किती? १.२! सेल वापरात उतरत जातो तसा रोध वाढतो, आणि एक दिवस लेन्स अर्धी बाहेर असतानाच कॅमेरा मान टाकतो. सेल मात्र संपलेला नसतो. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ कॅमेऱ्याने टाकून दिलेल्या अशाच सेलांवर महिनोन्महिने चालतं.

निकेल मेटल हायड्राइड सेलाचा, म्हणजे आपल्या रिचार्जेबलचा, रोध याच्या कितीतरी कमी. तो १.२ च्या आसपास शेवटपर्यंत तग धरतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून पडद्यावरचं बॅटरीचं चित्र त्याच्या बाबतीत फसवतं. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत सेलाचा प्रकार निवडता येतो, तो निवडा.

पूर्वीचे रिचार्जेबल नुसते पडून उतरायचे, ही तक्रार खरी होती. २००५ साली सान्यो कंपनीने एनलूप नावाचे रिचार्जेबल आणले, तेव्हापासून चार्ज टिकवून धरणारे सेल मिळतात. मी तेच घेतो. 'पूर्ण उतरवूनच चार्ज करा' हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम रिचार्जेबलच्या जमान्यातला, तो विसरा. आणि रिचार्जेबल पेन्सिल सेलावर ४००० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप) छापलेलं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे चला. चांगल्यातला चांगला सेलही २७००-२८०० च्या पुढे जात नाही.

तीन नवे आणि ड्रॉवरमध्ये सापडलेला एक जुना, अशी मोट बांधणाऱ्यांनी कॅमेऱ्याला बोल लावू नये. तो एक जुना सेलच चौघांना घेऊन बुडतो.