अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचंय? मग अकरावी टाइमपासमध्ये घालवू नका

टेनिस, स्विमिंग, ॲथलेटिक्सवाल्या बऱ्याच मुलांच्या आणि त्यांच्या आईबाबांच्या डोक्यात अमेरिकेतली स्पोर्ट्स स्कॉलरशिप असते, आणि ते काही अशक्य नाहीये, टेनिसपटू सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज स्पोर्ट्सची संघटना) सिंगल्स जिंकलं, तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून २०१८ आणि २०२२ ला उंच उडीचं टायटल. पण आपल्याकडे सगळे रँकिंग आणि टायमिंगच्याच मागे असतात आणि फाईल अडकते अभ्यासाच्या कागदांवर.

एनसीएए नववी ते बारावी चारही वर्षं बघते. कॉलेजांचे खेळासाठी तीन स्तर असतात, त्यातल्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनसाठी १६ कोअर, म्हणजे मुख्य अभ्यासाचे, विषय लागतात (एका विषयाचं एक वर्ष म्हणजे एक धरायचा), इंग्लिश ४ वर्षं, मॅथ्स ३, सायन्स २, याच तिघांपैकी अजून १, सोशल सायन्स २ आणि बाकीचे ४. पीटी, कार्यानुभव यात धरत नाहीत. या विषयांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, कमीत कमी २.३ हवा, डिव्हिजन टूला २.२ चालतो. २.० ते २.३ च्या मधे असाल तर डिव्हिजन वनमध्ये स्कॉलरशिप मिळू शकते, पहिल्या टर्मला प्रॅक्टिसही करता येते पण पहिल्या वर्षी मॅच खेळता येत नाही. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएने जानेवारी २०२३ मध्ये काढली, पण युनिव्हर्सिटी ॲडमिशनसाठी मागू शकते, ते वेगळं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिव्हिजन वनला १६ पैकी १० विषय बारावी सुरू व्हायच्या आधी पूर्ण लागतात, त्यातले ७ इंग्लिश-मॅथ्स-सायन्सचे, आणि त्यांचे मार्क्स तिथेच लॉक होतात, नंतर परत परीक्षा देऊन वाढवता येत नाहीत. आपल्याकडे दहावीचं टेन्शन संपलं की अकरावी म्हणजे आराम, कॉलेज फक्त नावाला, आणि नेमकं त्याच वर्षाचं नुकसान भरून निघत नाही. कृपा करून कॉलेजची परीक्षा मन लावून द्या.

कागदपत्रं म्हणाल तर नववी आणि अकरावीचे निकाल, दहावी-बारावीची मार्कशीट आणि बोर्डाचं सर्टिफिकेट, पासपोर्ट. नववीचं प्रगतीपुस्तक मराठीत असेल तर मूळ प्रत आणि सोबत सर्टिफाइड इंग्लिश भाषांतर, दोन्ही. आणि नाव! आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, पासपोर्टवर वेगळाच क्रम, त्यामुळे एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरच्या (पात्रता तपासणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर अकाउंट उघडतानाच पासपोर्टप्रमाणे नाव टाका आणि स्पेलिंग दोन्हीकडे जुळतंय का बघा, नसेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या, ऐनवेळी पळापळ होते.

खेळाच्या बाजूने हौशी दर्जाची, म्हणजे तुम्ही प्रोफेशनल खेळाडू नाही ना याची, तपासणी होते. कुठल्या स्पर्धा खेळलात, बक्षिसाचे पैसे किती मिळाले, कुठल्या क्लबशी करार होता का, एजंट होता का, हे सगळं विचारतात. एन्ट्री फी, प्रवास, कोचिंगची बिलं जपून ठेवा, खर्च दाखवायला तीच उपयोगी पडतात.

ऑगस्टला जॉइन होणार असाल तर १ एप्रिलपासून पुढे अकाउंटमधून फायनल सर्टिफिकेशनची, म्हणजे पात्रतेच्या शेवटच्या निर्णयाची, रिक्वेस्ट टाकायची. पण नुसते अकाउंटचे पैसे भरून फाईल हलत नाही, एखाद्या कॉलेजने तुमचं नाव त्यांच्या रिक्वेस्ट लिस्टमध्ये घालावं लागतं, तेव्हा कोचला स्पष्ट विचारा की नाव घातलंय का.

डिव्हिजन थ्रीला खेळाची स्कॉलरशिप नसते आणि मार्कांचं ते ते कॉलेजच ठरवतं. आयव्ही लीगही (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या युनिव्हर्सिटी) खेळासाठी स्कॉलरशिप देत नाही, गरजेप्रमाणे मदत देतात. मुंबईच्या स्क्वॉशवाल्यांनी लक्षात घ्या, स्क्वॉश एनसीएएमध्ये येतच नाही, त्याची संघटना वेगळी.

तिथे गेल्यावरही सुटका नाही. डिव्हिजन वनमध्ये दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८० टक्के भाग पूर्ण लागतो, नाहीतर खेळणं बंद. आणि सीझनमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत प्रॅक्टिस असते, त्यामुळे मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) निवडताना लॅबच्या वेळा कोचला आधीच दाखवा.