दुबार मतदार (महाराष्ट्र)

दुबार मतदार म्हणजे ज्याचं नाव मतदार यादीत एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे असा माणूस. मग ते एकाच यादीत दोन वेळा छापलेलं असो, शेजारच्या वॉर्डात असो, नाहीतर एक गावाकडे आणि एक मुंबईत असो. २०२४ च्या विधानसभेनंतर महाराष्ट्रात निवडणुकीच्या खरेखोटेपणावर जेवढी भांडणं झाली त्यात ईव्हीएमच्या खालोखाल हाच विषय, आणि २०२५ च्या दिवाळीनंतर तर ईव्हीएमपेक्षाही वरचढ. इथे एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढली पाहिजे कारण दोन्ही बाजू ती मुद्दाम मिसळतात. यादीत नाव दोनदा असणं हा घोळ आहे, दोनदा मत टाकणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्यावरून दुसरं आपोआप सिद्ध होत नाही. पण पहिलं असल्याशिवाय दुसरं सोपंही होत नाही.

कायदा काय म्हणतो

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, कलम १८ प्रमाणे त्या मतदारसंघातही एकदाच. खोटी माहिती देऊन नाव घातलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद. १९५१ च्या कायद्यात कलम ६२ आहे, दोन ठिकाणी मत दिलं तर त्याची दोन्ही मतं बाद. कागदावर एकदम कडक. आता मत गुप्त, एकदा मशीनमध्ये गेलेलं मत कोणाचं होतं हे कळणार कसं आणि बाद करणार कोणतं, याचं उत्तर शेवटी कोर्टात निवडणूक याचिका टाकूनच मिळवावं लागतं आणि तिथे वर्षं जातात.

नाव दुबार होतं कसं

बहुतेक वेळा यात कट वगैरे काही नसतो. साताऱ्याचा माणूस नोकरीला ठाण्यात येतो, भाडेकरार झाल्यावर नवीन नाव घालतो, आता खरं तर त्याने पत्ता बदलायचा फॉर्म ८ भरायला हवा पण कोणीतरी कार्यकर्ता कॉलेजच्या गेटवर नाहीतर सोसायटीच्या ऑफिसात टेबल लावून फॉर्म ६ भरून घेतो, कारण त्याला "इतके नवीन मतदार नोंदवले" असं साहेबांना सांगायचं असतं, आणि फॉर्म ६ म्हणजे नवीन मतदार, मग गावचं नाव तसंच राहतं. लग्न झालेल्या बाईचं माहेरी एका आडनावाने आणि सासरी दुसऱ्या आडनावाने. झोपडपट्टी पुनर्वसनात ट्रान्झिट कॅम्पमध्ये गेलेल्यांचं जुन्या पत्त्यावर पण आणि नव्या पत्त्यावर पण. त्यात मराठी यादीत आडनाव आधी, इंग्रजीत स्पेलिंग तीन प्रकारचं, वय एका ठिकाणी ४१ आणि दुसरीकडे ४४, मग कॉम्प्युटरला ही दोन माणसं वाटतात. नावं जुळणारे आणि फोटो जुळणारे शोधायचं सॉफ्टवेअर निवडणूक आयोगाकडे आहे, पण ते फक्त संशय दाखवतं, शेवटी घरी जाऊन बघायचं काम बीएलओचं, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसरचं.

आणि बीएलओ कोण तर अंगणवाडी सेविका नाहीतर झेडपीचे गुरुजी, म्हणजे ज्यांच्या अंगावर आधीच दहा कामं आहेत असे लोक. शिवाय नाव घालणं सोपं आहे आणि काढणं अवघड, नोटीस द्यावी लागते, म्हणणं ऐकावं लागतं, आणि चुकून खऱ्या माणसाचं नाव उडालं तर बोंब सगळी त्यांच्यावर. २०१४ च्या लोकसभेला पुण्यामुंबईत हेच झालं होतं, लोक बूथवर पोचले तर नावच नाही, लाखो नावं गायब झाल्याची ओरड झाली आणि शेवटी निवडणूक आयोगाकडून जाहीर माफी आली. माझ्या मते आजच्या फुगलेल्या यादीचं बीज तिथेही आहे, कारण नाव उडवून शिव्या खाण्यापेक्षा मयत माणसाचं नाव यादीत राहू दिलेलं परवडतं असा हिशोब खालच्या कर्मचाऱ्याने केला तर त्याला दोष तरी कसा द्यायचा.

तसं यादीचं दुखणं जुनंच आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढीच ओळख सांगणाऱ्या २८ लाखांच्या आसपास बायकांची नावं गाळावी लागली होती. फोटो ओळखपत्र मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळात १९९३ पासून आलं, त्याने तोतयेगिरीला चांगला चाप बसला. पण ओळखपत्राचे नंबर राज्याराज्यांत हाताने दिले गेले होते, त्यामुळे एकच नंबर दोन राज्यांतल्या दोन वेगळ्या माणसांकडे निघाला आणि त्यावरून २०२५ च्या मार्चमध्ये तृणमूल काँग्रेसने मोठा गोंधळ घातला. आधार जोडणीचा प्रयत्न २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवला, २०२१ च्या दुरुस्तीने परत आला, पण ऐच्छिक.

२०२४ चा निकाल आणि संशय

मे-जून २०२४ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, आणि पाच महिन्यांनी विधानसभेच्या २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. विरोधकांत सगळ्यात मोठा पक्ष उद्धव ठाकरेंचा, २० जागा. इतका मोठा पलटा पचायला जड जाणारच. कोणी म्हणालं लाडकी बहीणमुळे झालं, कोणी म्हणालं बंडखोरीमुळे झालं, आणि विरोधकांनी बोट दाखवलं आकड्यांकडे. लोकसभेला साधारण ९.३० कोटी मतदार, विधानसभेला ९.७० कोटी, म्हणजे पाच महिन्यांत ४० लाखांच्या आसपास वाढ, तर त्याआधीच्या पाच वर्षांत वाढ जेमतेम ३२ लाखांच्या घरात. दुसरा आकडा मतदानाच्या दिवशीचा, २० नोव्हेंबरला संध्याकाळी ५ वाजता ५८.२२ टक्के आणि शेवटी ६६.०५ टक्के.

आयोगाचं उत्तर असं की ५ चा आकडा हा फोनवरून गोळा केलेला अंदाज असतो, ६ वाजता रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान करू देतात, आणि प्रत्येक बूथवर किती मतं पडली त्याचा फॉर्म १७सी पोलिंग एजंटच्या हातात त्याच रात्री दिलेला असतो. यादीबद्दल म्हणाल तर सगळ्या राज्यातून यादीवर रीतसर अपिलं शंभराच्या आतच आली. सहानंतरच्या मतांवरून टाकलेली याचिका बॉम्बे हायकोर्टाने जून २०२५ मध्ये फेटाळली.

१७सी चा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो. राज्यात एक लाखाच्या वर बूथ आहेत, आणि मतं नंतर घुसवली असतील तर हातातले १७सी आणि मोजणीचे आकडे जुळणार नाहीत, मग पक्षांनी ते गोळा करून बेरीज का मांडली नाही? कित्येक बूथवर एजंटच नसतील तर ते कोण कबूल करणार. पण अपिलांचा मुद्दा मात्र तितका धड नाही. अपील करायचं तर आधी शोधता आलं पाहिजे, आणि यादी मिळते फोटो काढल्यासारख्या पीडीएफमध्ये, ज्यात नाव टाकून सर्च करता येत नाही. मध्य प्रदेशचे काँग्रेस नेते कमलनाथ सर्च करता येणारी यादी मागायला सुप्रीम कोर्टात गेले होते, २०१८ मध्ये कोर्टाने नाही म्हटलं. म्हणजे लाखो नावं डोळ्यांनी वाचत बसा आणि मग तक्रार करा.

सोलापूरच्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने डिसेंबर २०२४ मध्ये गावातच कागदावर फेरमतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिलं नाही, गुन्हे दाखल झाले, शरद पवार जाऊन आले. गंमत म्हणजे त्या मतदारसंघात जिंकलेला उमेदवार विरोधकांचाच होता, तक्रार एवढीच की आमच्या गावात त्याला कमी मतं कशी. हे प्रकरण मशीनचं, यादीचं नाही, पण गावागावात संशय किती खोल गेला होता ते यातून दिसतं.

राजुरा

दुबार आणि बोगस नोंदीचा सगळ्यात ठोस धागा चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात सापडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे मतदानाच्या आधीच, ऑनलाइन फॉर्म ६ चा पूर आला, साडेसात हजारांच्या आसपास अर्ज, तपासल्यावर त्यातले ६,८०० पेक्षा जास्त खोटे निघाले, नाकारले गेले आणि पोलिसात गुन्हाही नोंदवला गेला. पुढे ही जागा भाजपने ३,०५४ मतांनी जिंकली. १८ सप्टेंबर २०२५ ला राहुल गांधींनी कर्नाटकातल्या आळंदबरोबर राजुऱ्याचं नाव घेतलं तेव्हा आयोग म्हणाला, बघा आमची यंत्रणा चालते, आम्हीच पकडलं. काँग्रेस म्हणाली, पकडलं तर मग अर्ज कोणी भरले, कुठल्या फोनवरून, कुठल्या कॉम्प्युटरवरून, ते का सांगत नाही. दोघांचंही म्हणणं एकाच वेळी बरोबर असू शकतं. एवढे अर्ज हौस म्हणून कोणी भरत नाही, आणि ते भरणारा माणूस सापडल्याशिवाय "यंत्रणा चालते" हे अर्धंच वाक्य राहतं.

त्याआधी ७ ऑगस्टला बेंगळुरूच्या महादेवपुरा मतदारसंघात १,००,२५० खोटी मतं असल्याचा दावा राहुल गांधींनी केला होता, त्यात ११,९६५ दुबार होते. त्यावर १७ ऑगस्टला मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार म्हणाले की सात दिवसांत प्रतिज्ञापत्र द्या नाहीतर माफी मागा, आणि यादीतली नोंद व प्रत्यक्ष मतदान या वेगळ्या गोष्टी आहेत हेही त्यांनी सांगितलं, जे खरंच आहे. पण मग प्रत्यक्ष मतदान तपासायला बूथचं सीसीटीव्ही लागतं, आणि २० डिसेंबर २०२४ ला निवडणूक संचालन नियमांतला नियम ९३ बदलून असं इलेक्ट्रॉनिक साहित्य लोकांना बघायला मिळणार नाही अशी सोय केली गेली, ३० मे २०२५ ला आयोगाने चित्रण ४५ दिवसच ठेवा असं कळवलं. निवडणूक याचिकेची मुदतही ४५ दिवसच. आयोग म्हणतो मतदाराची, विशेषतः बायकांची, गुप्तता जपायची आहे. ठीक, पण रांगेत उभं राहिलेलं दिसणं आणि मत कोणाला दिलं ते दिसणं यात फरक आहे की नाही.

दोन आयोग, एक यादी

महानगरपालिका, नगरपालिका, झेडपीच्या निवडणुका केंद्राचा आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्याच्याकडे स्वतःची यादी नसते. विधानसभेची यादी घ्यायची, वॉर्डाप्रमाणे फोडायची, झालं. २०२५-२६ च्या निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी घेतली गेली. १४ आणि १५ ऑक्टोबरला महाविकास आघाडी आणि मनसे एकत्र जाऊन दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना भेटले तेव्हा उत्तर काय मिळालं असेल ते कोणीही सांगेल, राज्याचा आयोग म्हणतो नाव घालण्याकाढण्याचा अधिकार आमच्याकडे नाही, आणि यादी बनवणारे म्हणतात पालिकेच्या निवडणुकीचं काम आमचं नाही. मग १ नोव्हेंबरला मुंबईत "सत्याचा मोर्चा" निघाला, उद्धव आणि राज ठाकरे, शरद पवार, बाळासाहेब थोरात सगळे होते. दुबार मतदार दिसला तर आधी चोप द्या मग पोलिसांत द्या असं राज ठाकरे म्हणाले, जे टाळ्या घ्यायला ठीक आहे पण घर बदललेल्या साध्या माणसाला बूथवर मार खायला लावणारं आहे. मग भाजपच्या आशिष शेलारांनी विरोधकांनी जिंकलेल्या मतदारसंघांतले मुस्लिम दुबार मतदार मोजून दाखवले, म्हणजे घोळ आहे हे सत्ताधाऱ्यांनीही मानलं, फक्त कोणाचा ते धर्मावर नेलं.

मुंबईच्या प्रारूप यादीत १.०३ कोटी नावं, त्यात अकरा लाखांच्या आसपास नोंदी दुबार वाटणाऱ्या निघाल्या. हा आकडा नोंदींचा आहे, माणसांचा नाही, माणसं साडेचार लाखांच्या आत भरतात, पण मोबाईलवर फिरताना "अकरा लाख बोगस" असंच फिरलं. नाव काढता येत नाही म्हणून राज्य आयोगाने अशा नावांपुढे दोन तारे छापायचे ठरवले, त्या माणसाला आधीच विचारायचं की कुठल्या बूथवर मत देणार, आणि तो बूथवर आला तर दुसरीकडे मत दिलं नाही, देणार नाही असं लिहून घ्यायचं.

बूथवर काय करता येतं

पोलिंग एजंटला कोणी तोतया वाटला तर तो २ रुपये भरून "चॅलेंज" करू शकतो, मतदान अधिकारी तिथल्या तिथे चौकशी करतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर "टेंडर व्होट" मागता येतं, ते कागदावर घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. अनुपस्थित, स्थलांतरित, मयत अशी वेगळी यादीही बूथवर असते. हे सगळं चालायला एजंट त्याच गल्लीतला, चेहरे ओळखणारा लागतो, आणि मुंबईच्या टॉवरमध्ये तसा माणूस कुठून आणायचा.

दुसरी आणि सगळ्यात जुनी अडवणूक म्हणजे शाई. म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातली सिल्व्हर नायट्रेटची शाई लोकसभेला १९६२ पासून आहे, तिला बाटली आणि काडी लागते. पालिकांना मात्र मार्कर पेन वापरत होते, २०११ पासून असं राज्य आयोगाने सांगितलं. १५ जानेवारी २०२६ ला मुंबईसह महानगरपालिकांचं मतदान चालू असतानाच बोटावरची मार्करची खूण पुसून दाखवणारे व्हिडिओ सगळीकडे फिरले आणि आयोगाला चौकशी करू म्हणावं लागलं. यादीत नाव दोनदा असलं तरी बोट एकच असतं यावर सगळी भिस्त होती.

विशेष सखोल पुनरीक्षण (एसआयआर), म्हणजे घरोघरी जाऊन सगळी यादी नव्याने तपासणं, बिहारमध्ये जून २०२५ ला सुरू झालं, तिथे १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गळली, सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की गाळलेली नावं कारणांसकट जाहीर करा. दुसऱ्या टप्प्यात गोवा होता, महाराष्ट्र दोन्ही टप्प्यांत नव्हता, कारण इथे पालिका-झेडपीच्या निवडणुका लागलेल्या होत्या, त्यामुळे तेव्हाच्या निवडणुका जुन्याच यादीवर झाल्या.