व्हॉल्वचा प्रीअँप घ्यायचाय? पैसे काढायच्या आधी एवढं वाचा

दुकानात कोणी ट्यूब प्रीअँप म्हटलं की नवीन पोरं ट्यूबलाइटकडे बघतात आणि वयस्कर काका म्हणतात अरे व्हॉल्व म्हण की, आमच्या रेडिओत होते, बटण दाबल्यावर जरा वेळानं आवाज यायचा. तेच ते. आणि प्रीअँप म्हणजे गाणं वाजवणारं यंत्र आणि स्पीकर चालवणारा पॉवर अँप यांच्या मधला डबा. गेल्या काही महिन्यांत नाशकात बरेच जण विचारायला येतायत, कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं म्हणून हा कागद छापलाय.

आल्यावर आम्ही पहिलं विचारतो की घरी अँप कुठला आहे आणि गाणं कशातून वाजवता. बजेट नंतर. कारण गोची इथेच होते. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा अँपला चालणारा सिग्नल बनवणारा डबा) साधारण २ व्होल्ट बाहेर देतो, आणि बहुतेक पॉवर अँपला पूर्ण आवाजासाठी १ ते २ व्होल्ट पुरतात, म्हणजे वाढवायला काही उरतच नाही. आता १२ एएक्स ७ नावाची ट्यूब, तीच ईसीसी ८३, हिची एक स्टेज सिग्नल ५०-६० पट वाढवते, आणि १२ एयू ७ साधारण १५ पट. मग होतं काय की नॉब जरासा हलवला की घर दणाणतं, तो कायम अगदी सुरवातीलाच ठेवावा लागतो, आणि स्वस्त पॉटचा, म्हणजे नॉबमागच्या कंट्रोलचा, तोच भाग सगळ्यात वाईट, डावी आणि उजवी बाजू तिथे सारखी चालत नाही. रात्री सगळे झोपल्यावर हळू आवाजात ऐकायला बसलात की गायक एका स्पीकरकडे सरकलेला, आणि माणूस म्हणतो स्पीकर गेला. स्पीकर ठणठणीत असतो हो, गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, जास्त झालेला असतो. म्हणून डॅकवरून ऐकणाऱ्यांना आम्ही कमी गेनचा, १२ एयू ७ किंवा ६ एसएन ७ वर बांधलेला प्रीअँपच सुचवतो, किंवा नुसता बफर, जो आवाज वाढवत नाही पण पुढचा अँप नीट चालवतो.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. ट्यूबला काम करायला आतल्या प्लेटवर चांगले २००-३०० व्होल्ट लागतात (काही ट्यूब ९० वर पण छान चालतात, ६ डीजे ८ त्यातलीच). दोन-चार हजारात ऑनलाइन मिळणाऱ्या छोट्या डब्यात बऱ्याचदा ६ जे १ नावाची ट्यूब असते आणि तिला मिळतात जेमतेम २५-३० व्होल्ट. मी स्वतः पहिला असाच घेतला होता, चार दिवस खुश होतो, मग उघडला तर ट्यूबच्या खाली नारिंगी एलईडी लावलेला, जो उजेड बघून मी हरखलो होतो तो ट्यूबचा नव्हताच. आवाज अगदी वाईट होता असं नाही, पण जोरात तान आली की किरकिरायचा. तेव्हापासून दुकानात कुठलाही मॉडेल ठेवायच्या आधी मी त्याचा पॉवर सप्लाय उघडून बघतो, ट्रान्सफॉर्मर केवढा, फिल्टरचे कॅपॅसिटर केवढे, ट्यूब तापवणाऱ्या हीटरला डीसी दिलाय का. पैसे तिथे गेलेले असले पाहिजेत, चकचकीत पुढच्या पट्टीत नाही.

तिसरी गोष्ट लोक विचारत नाहीत पण खरी तीच त्रास देते, आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे पुढच्या अँपचं ओझं प्रीअँप किती पेलतो ते (अँपच्या इनपुटचे किलोओहम जितके कमी तितकं ओझं जास्त). ट्यूबच्या मागे एक कॅपॅसिटर असतो, आणि तुमच्या अँपचा इनपुट १० किलोओहमचा असला आणि तो कॅपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरडचा, तर ३४ हर्ट्झच्या खालचा बास उतरायला लागतो, तेच अँप ४७ किलोओहमचा असेल तर जेमतेम ७ हर्ट्झपर्यंत काही बिघडत नाही. म्हणजे एकाच प्रीअँपला एक जण म्हणणार बास नाही आणि दुसरा म्हणणार काय बास आहे, आणि दोघंही बरोबर. कॅथोड फॉलोअर, म्हणजे बाहेर पडताना बफरचं काम करणारी स्टेज, असलेला घेतला तर १० किलोओहमचं ओझं पण आरामात पेलतो, फक्त बाहेरचा कॅपॅसिटर मोठा पाहिजे, २ मायक्रोफॅरडच्या आसपास.

रेकॉर्ड वाजवणाऱ्यांसाठी वेगळं. एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, ४-५ मिलिव्होल्ट देतं, त्याला नुसता प्रीअँप चालत नाही, आरआयएए करेक्शन (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास आणि वाढवलेला ट्रेबल परत जागेवर आणणारं) असलेला फोनो स्टेज लागतो आणि तिथे १२ एएक्स ७ चा जास्त गेन खरंच कामाला येतो. पण आजोबांचा सुटकेसवाला प्लेयर असेल तर त्यात बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असतं, ते कितीतरी जास्त व्होल्टेज देतं, त्याला फोनोत लावू नका, साध्या लाइन इनपुटला लावा, तो इनपुट जितका हाय इम्पीडन्स तितका बास भरीव. द. वि. पळुसकरांच्या जुन्या ७८ च्या तबकड्या घेऊन एक गृहस्थ आले होते, नाशकाशी इतकं घट्ट नातं असलेला गळा, आणि नेहमीची एलपीची सुई लावून वाजवत होते, ती त्या रुंद खाचेत तळाला घासते. सुई बदलल्यावर अर्धी खरखर गेली, प्रीअँपला हात पण लावला नव्हता.

हम, म्हणजे ती गुणगुण, हे नाशकात मोठं प्रकरण आहे. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणि पंचवटीत अजून दोन पिनांचे सॉकेट आहेत, अर्थिंगच नाही, आणि ट्यूबचा गेन असला की ते लगेच ऐकू येतं. आधी अर्थिंग करून घ्या, आवाजापेक्षा जिवासाठी, कारण आत २५० व्होल्ट आहेत आणि बंद केल्यावर पण कॅपॅसिटरमध्ये राहतात, घरी झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. अर्थिंग असून गुणगुण येत असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा, बऱ्याच घरी तिथेच थांबते. अमेरिकेतून भाचा-पुतण्या काही घेऊन येणार असेल तर आधी मागचं लेबल बघायला सांगा, ११५-१२० व्होल्टचा सरळ २३० ला लावला की गेलाच.

ट्यूब किती टिकतात? छोट्या ट्यूब ५००० तास सहज काढतात, रोज तीन तास लावलं तर चार-साडेचार वर्षं. आज मिळणाऱ्या नव्या ट्यूब रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधल्या. बेंगळुरूच्या बेलनं (भारत इलेक्ट्रॉनिक्स) १९६१ पासून व्हॉल्व बनवले होते, जुन्या स्टॉकमधली चांगली जोडी सापडली तर सोडू नका पण टेस्ट करून घ्या, आमच्याकडे टेस्टर आहे. एक लक्षात ठेवा, १२ एएक्स ७ आणि १२ एयू ७ एकमेकांच्या जागी बसतात, ६ डीजे ८ त्या सॉकेटमध्ये लावायची नाही, पिनांचं वायरिंग वेगळं आहे.

चालू करताना प्रीअँप आधी, अर्ध्या-एक मिनिटानं पॉवर अँप, बंद करताना उलटं, नाहीतर स्पीकरला दणका बसतो. पावसाळ्यात महिनाभर पडून राहिला की सॉकेटच्या पिनांना गंज चढतो, आठवड्यातून एकदा तासभर लावत जा.

आणि तुमच्याकडे इंटिग्रेटेड अँप (प्री आणि पॉवर एकाच डब्यात) असेल, मागे प्री-इन, म्हणजे थेट पॉवरच्या भागात जाणारा इनपुट, नसेल, नुसता ऑक्स असेल, तर बाहेरचा प्रीअँप लावून व्हॉल्यूमवर व्हॉल्यूम होतो, अशांना आम्ही बहुतेकदा नका घेऊ म्हणूनच सांगतो, तेच पैसे स्पीकरला घाला.

येताना अँपच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून आणा, शक्य असेल तर अँपच घेऊन या, आणि तुम्हाला पाठ असलेलं एखादं गाणं पेनड्राइव्हवर. निघायच्या आधी फोन करा, ट्यूब तापायला वेळ लागतो, तुम्ही पोचेपर्यंत आम्ही चालू करून ठेवतो.