पार्श्वभूमी : परमुलखातून येणारी वर्गणी

पुणे जिल्ह्यात तळेगावं दोन. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो माणशी एक पैसा मागून. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, टिळकांनी ती उचलून धरली. तळेगाव ढमढेरे हे विष्णू गणेश पिंगळे यांचं गाव. इंजिनिअर व्हायला अमेरिकेला गेलेला हा तरुण ब्रिटिश राजवट उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीत शिरला, १९१४ च्या अखेरीस परतला, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडला गेला आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी करतारसिंग सराभा यांच्यासोबत लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. परदेशी राहणारी माणसं समाजमाध्यमांवरून मायदेशातल्या लोकशाहीच्या लढ्यांना पैसा कसा पुरवतात, याचा अभ्यास पुण्यात बसून करायचा असेल तर सुरुवात या दोन गावांपासून करावी, असं मला मनापासून वाटतं.

गदर पक्ष १९१३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जन्मला. लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणारे, बहुतेक पंजाबी मजूर हा त्याचा कणा. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘युगांतर आश्रमा’तून १ नोव्हेंबर १९१३ ला पक्षाच्या ‘गदर’ या वर्तमानपत्राचा पहिला अंक निघाला. अंक फुकट वाटला जायचा, खर्च मजुरीतून काढलेल्या वर्गणीतून चालायचा आणि टपालाने तो देशोदेशीच्या हिंदी वस्त्यांत पोचायचा. बातमी आणि पैशाची हाक एकाच कागदावरून देण्याची ही रीत आज फेसबुकच्या पानावर जशीच्या तशी दिसते. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पैसा आला आणि पक्षात हिशेबावरून फूट पडली. एप्रिल १९१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भर कोर्टात गदरचे नेते रामचंद्र यांना एका सहआरोपीनेच गोळ्या घातल्या. पक्षाचे पैसे खाल्ल्याचा आरोप त्यांच्यावर साथीदारांनीच केला होता. वर्गणी देणारा हजारो मैलांवर, खर्च करणारा लपून काम करणारा, मग हिशेब कोण कोणाला देणार? माझ्या मते या विषयातला कळीचा प्रश्न तेव्हाही हाच होता.

आणीबाणीत येरवड्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरला, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीयांनी ‘इंडियन्स फॉर डेमॉक्रसी’ या नावाने आवाज उठवला. त्याच आणीबाणीत, १९७६ मध्ये, विदेशी देणग्यांवर बंधन घालणारा कायदा आला. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. न्यू जर्सीतल्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत एखाद्या संस्थेला पैसे पाठवले, तर त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेपर्यंत ती देणगी विदेशी नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की त्याच खिशातून आलेली तेवढीच रक्कम विदेशी ठरते.

समाजमाध्यमांनी वेग आणला. जून २०१९ मध्ये जी-२० परिषदेआधी हाँगकाँगच्या आंदोलकांनी जगभरच्या वर्तमानपत्रांत जाहिराती देण्यासाठी काही तासांत लाखो डॉलर उभे केले. वर्ष सरता सरता पोलिसांनी आंदोलकांना मदत करणाऱ्या ‘स्पार्क अलायन्स’शी संबंधित सुमारे ७ कोटी हाँगकाँग डॉलर गोठवले. २०२० मध्ये बेलारूसमध्ये लुकाशेंको सरकारविरुद्ध आंदोलन पेटलं, तेव्हा परदेशस्थ बेलारूसवासीयांनी ‘बायसोल’ हा निधी काढला आणि संपामुळे नोकरी गेलेल्यांपर्यंत मदत पोचवायला क्रिप्टो चलन वापरलं.

म्यानमारचं उदाहरण मात्र मी जवळून पाहिलं. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली. नोव्हेंबरात, लष्कराने हटवलेल्या लोकप्रतिनिधींच्या समांतर ‘राष्ट्रीय एकता सरकार’ने बिनव्याजी रोखे काढले, ते परदेशातल्या बर्मी लोकांनी पहिल्याच दिवशी ६० लाख डॉलरच्या वर घेतले. बँकेला वळसा घालून, इथे एका दलालाकडे पैसे द्यायचे आणि तिकडे त्याच्या माणसाने ते पोचवायचे, या जुन्या वाटेला तिकडे आजही ‘हुंडी’च म्हणतात. आपल्या पेढ्यांचा हा शब्द रंगूनमध्ये अजून जिवंत आहे, हे ऐकून मला भरून आलं होतं.

पुण्यात पाली शिकणारी तिकडची एक मैत्रीण औंधला खोली घेऊन राहायची. जेवण उरकलं की फोन तांब्याला टेकवून ती चळवळीसाठी चालवलेल्या चॅनेलचे व्हिडिओ लावायची, आवाज बंद करून. जाहिरात आली की ती पुढे ढकलायची नाही, पूर्ण चालू द्यायची, कारण जाहिरातीचे पैसे तिकडे जायचे. शिष्यवृत्तीतून तिच्याकडे उरत काही नसे, एवढं तरी करता येतं, म्हणायची.

कधी महिन्याकाठी पाचशे रुपये वाचलेच, तर ती हुंडीवाल्याकडे द्यायची. चारेक दिवसांनी गटाच्या पानावर पावतीचा स्क्रीनशॉट यायचा : रक्कम, तारीख आणि नावाच्या जागी काळी पट्टी. देणगीदारांवर दहशतवादविरोधी कायदा लावू, अशी धमकी लष्कराने दिली होती आणि तिचे आईवडील मंडालेत होते. ती रक्कम दोनदा वाचायची, आपलीच आहे याची खात्री करून घ्यायची आणि मग फोनमधून पाहिल्याच्या सगळ्या खुणा पुसून टाकायची.